पुढे ढकललेली पाळी

कोलकात्यात बेहालाच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथलं वेळापत्रक गेली नऊ वर्षं मीच बसवते आहे. एकतीस तुकड्या, दोन प्रयोगशाळा, संगीताची एकच खोली आणि पी.टी.चे एक सर, ज्यांना दुपारच्या उन्हात मैदानावर जायचं नसतं. दरवर्षी स्टाफरूममध्ये कोणीतरी मान हलवून सांगतं की यंदा काही हे जमणार नाही. मी रविवारी सकाळी कागद पसरून बसते आणि संध्याकाळच्या चहापर्यंत ते जमलेलं असतं. त्यामुळे माझा एक समज पक्का झाला होता. तारखा आणि वेळा आपण हलवायच्या असतात, त्यांच्यामागे धावायचं नसतं.

माझी पाळीही या समजाला खतपाणी घालायची. अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस. मैत्रिणी कॅलेंडरवर खुणा करायच्या, मला त्याची कधी गरज पडली नाही. आणि एखाद्या महिन्यात ती नेमकी अडचणीच्या दिवशी यायची असली, तर तिला पुढे ढकलायच्या गोळ्या घरात असायच्याच. आईने मला त्या पहिल्यांदा दिल्या तेव्हा मी चौदा वर्षांची होते, भावाची मुंज होती. माझं माहेर कोलकात्यातलंच. आजोबा नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. इथे मराठी घरं मोजकी, त्यामुळे कार्य निघालं की प्रत्येक बाईचा हात लागायचा आणि चार दिवस बाजूला बसणं कोणालाच परवडायचं नाही. गोळ्या घ्यायच्या, कार्य उरकायचं, गोळ्या थांबवायच्या, की चार-पाच दिवसांत पाळी येते. कोपऱ्यावरचा औषधवाला चिठ्ठीसुद्धा मागत नसे. खोकल्याची गोळी मी औषधात धरत असे, ही मात्र कधी धरली नाही. नारळ, समया, विड्याची पानं आणि या गोळ्या, अशी ती कार्याची यादी होती.

लग्न झालं ते मूळच्या अमरावतीच्या माणसाशी. तो एस्प्लनेडला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे आणि बोलायला अतिशय कंजूष आहे. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्या एका ट्रंकेत महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे जुन्या साड्यांत गुंडाळून घेऊन. विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांचं जेवण म्हणजे सोळा भाज्या, पुरण, आंबील, असा सगळा सोवळ्यातला बेत. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दर भाद्रपदात त्या दोघी उभ्या राहू लागल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मी एकुलती एक सून. म्हणजे सगळं मीच करणार हे न बोलताच ठरलेलं होतं.

लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा आम्ही क्लिनिकची पायरी चढलो. तपासण्या, इंजेक्शनं, मग अंडी काढणं, हे सगळं पार पडून हाती तीन गर्भ लागले. पाच दिवस वाढवून ते गोठवून ठेवले. क्लिनिकमध्ये सगळे त्यांना एम्ब्रियो म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. अंडी पुन्हा काढण्यात अर्थ नाही असं डॉक्टरबाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. माझ्याकडे फारशी उरलीच नव्हती. जे काय होणार ते या तिघांतूनच होणार होतं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बंगाली, शांत आवाजात इंग्रजी बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला समजावलं की गोठवलेला एम्ब्रियो वर्षानुवर्षं थांबू शकतो. थांबत नाही ते गर्भाशयाचं अस्तर. अंडं सुटल्यानंतर पाचव्या दिवसाच्या सुमाराला ते एम्ब्रियोला धरून घ्यायला तयार होतं आणि फार थोडा वेळ तसं राहतं. एम्ब्रियो पाच दिवसांचा, तर अस्तरही पाच दिवसांचंच हवं. मला हे ऐकून बरंच वाटलं. दोन तास एकमेकांसमोर बसवायचे, यात काय अवघड? हे तर माझं रोजचं काम होतं.

एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं म्हणजे ट्रान्सफर. पहिली राहिली नाही. दुसरीही राहिली नाही. पहिल्या वेळी मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. दुसऱ्या वेळी रडले नाही, फक्त स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले. उरला एक. हा शेवटचा, यानंतर थांबायचं, हे नवऱ्याने आणि मी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमची पाळी इतकी नियमित आहे की या वेळी बाहेरून हार्मोन देण्यापेक्षा शरीराच्या चालीनेच जाऊ. पाळीच्या पहिल्या दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी या. अंडं कसं वाढतं ते सोनोग्राफीत बघत राहू आणि ते सुटलं की पाच दिवस मोजू.

मी पंचांग आणि शाळेची डायरी शेजारी शेजारी ठेवून बघितलं. पाळी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच येत होती.

मी क्षणभरही विचार केला नाही. गोळ्या आणल्या, दिवसातून दोन घेतल्या, पुरण वाटलं, सोळा भाज्या केल्या, ज्येष्ठा-कनिष्ठेला नैवेद्य दाखवला. भवानीपूरच्या दोन मराठी सवाष्णी जेवून गेल्या आणि जाताना म्हणाल्या की तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं. विसर्जन झालं, गोळ्या थांबवल्या, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली. मी फोन उचलून क्लिनिकला कळवलं, आज पहिला दिवस.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करताना डॉक्टरबाई पडद्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. एका बाजूला एक छोटीशी गाठ उरलेली दिसत होती, मागच्या महिन्यातली. त्यांनी विचारलं, पाळी वेळेवर आली? मी म्हटलं, हो. माझ्या हिशेबाने ती वेळेवरच आली होती. मी सांगितलेल्या वेळेवर.

“काही हार्मोनच्या गोळ्या वगैरे घेतल्या होत्या?”

“नाही.”

मी खोटं बोलले नाही, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तो प्रश्न मला लागूच नव्हता. पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसंच झालं ते.

गाठ आपोआप जिरली, रक्ततपासणीही ठीक आली, म्हणून पुढे जायचं ठरलं. दहाव्या दिवशी पुन्हा गेले. दर वेळी दहाव्या दिवसापर्यंत माझं अंडं ज्या फुग्यात वाढतं तो पंधरा मिलिमीटरच्या आसपास गेलेला असायचा. या वेळी तो अकरावर होता. अस्तरही पातळ होतं. डॉक्टरबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

आता खरी पंचाईत झाली. बेहालात रस्तोरस्ती दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू उभे राहिले होते. षष्ठीपासून एकादशीपर्यंत क्लिनिक बंद असतं. एम्ब्रियो वितळवून हाताळणाऱ्या ज्या बाई होत्या, त्या त्या दिवसांत बीरभूमला घरच्या पूजेला जायच्या. गेल्या वीस वर्षांत त्यांनी ती पूजा चुकवलेली नव्हती, आणि चुकवावी असं त्यांना कोणी सुचवतही नसे. नेहमीच्या चालीने झालं असतं तर माझी ट्रान्सफर तृतीयेला झाली असती. पण अंडं या मंद गतीने वाढलं तर ते सुटणार उशिरा, आणि पाच दिवस मोजले की ट्रान्सफर पडत होती नेमकी षष्ठी-सप्तमीला. त्या दिवशी गर्भाशय कितीही तयार असलं, तरी एम्ब्रियो काढून द्यायला कोणी नसणार होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा महिना सोडून देऊ.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सोडून द्यायचा म्हणजे काय? मी तिथेच पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्या टेबलावरच्या एका कागदावर चौकोन आखले. अंडं सुटायचं इंजेक्शन थोडं आधी देता येतं ना? मग तेराव्या दिवशी द्या. दीड दिवसात ते सुटेल, त्यानंतर पाच दिवस, म्हणजे पंचमीच्या आत ट्रान्सफर. बीरभूमची गाडी त्यानंतरची. मी कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तो बघितला आणि हसल्या. माझ्यासारख्या पेशंट त्यांना बहुधा रोज भेटत नसाव्यात.

“इतक्या लहान फुग्यावर मी एरवी देणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुमची पाळी घड्याळासारखी आहे. एखादा महिना मागे पडला असेल, तर थोडं ढकलता येईल. बाराव्या दिवशी बघते. तो पंधरा तरी असेल तर तेराव्या दिवशी सकाळी इंजेक्शन.”

बाराव्या दिवशी तो पंधरा होता. जेमतेम. नर्सताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची वेळ दिली. मी जिंकल्यासारखी बाहेर पडले. मेट्रोने घरी आले, येताना पाव किलो मिष्टी दोई, इथलं गोड दही, घेतलं.

संध्याकाळी सासूबाई देवघराचं कपाट आवरत होत्या. महालक्ष्म्यांचे मुखवटे नीट बांधून ठेवायचे राहिले होते. पितृपंधरवड्यात नवीन काही करायचं नाही, पण आवराआवर चालते, असा त्यांचा नियम. कुंकवाच्या डब्यामागून त्यांनी गोळ्यांचं एक पाकीट बाहेर काढलं, अर्धं संपलेलं, आणि चष्मा लावून ते उजेडात धरलं.

“हे तुझ्या डॉक्टरणीचं औषध इथे कशाला ठेवून राहिलीस गं? नंतर सापडायचं नाही.”

“ते डॉक्टरांचं नाही आई. ते पाळी पुढे ढकलायचं आहे.”

“म्हणजे तेही तेच झालं ना,” त्या म्हणाल्या. “तेही पाळीचंच औषध, हेही पाळीचंच. चालतं का दोन्ही एकदम?”

मी हातातली वाटी ओट्यावर ठेवली. त्या बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. मी गणितात एम.एस्सी. केलेली. एका महिन्यात मला दोनदा विचारलं गेलं होतं आणि मला जे सुचलं नाही, ते त्यांनी कपाट आवरता आवरता विचारलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल.

मग दुसरी गोष्ट आठवली. दुसऱ्या ट्रान्सफरच्या आधीच्या महिन्यात नणंदेच्या मुलाची मुंज होती, अमरावतीला. तेव्हाही मी गोळ्या घेतल्या होत्या. तेव्हाही डॉक्टरबाईंनी विचारलं होतं. तेव्हाही मी नाही म्हटलं होतं.

नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकलं. एक बूट पायातच होता. मग त्याने एवढंच विचारलं, “दुसऱ्या वेळीही?”

मी हो म्हटलं. तो रागावला असता तर मला भांडता आलं असतं. तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली मांडववाल्यांची ठोकाठोक चालली होती.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. सांगितलं तर उद्याचं इंजेक्शन रद्द, महिना वाया, आणि डॉक्टरबाईंसमोर खाली मान. नाही सांगितलं तर पंचमीच्या आत ट्रान्सफर, माझ्या चौकोनांप्रमाणे. कोण जाणे, ती राहिलीही असती. मनाने सगळे वकिली मुद्दे काढून बघितले. गोळ्या तर केव्हाच थांबल्या होत्या. रक्ताची तपासणी चांगली होती. इतक्या जणी घेतात. पण एकच एम्ब्रियो उरला होता. तो वितळवला की पुन्हा गोठवून ठेवायचा प्रश्नच नव्हता. चुकीच्या माहितीवर त्याला बाहेर काढायचं, आणि नंतर आयुष्यभर मनाशी म्हणत बसायचं की गोळ्यांमुळे नसेल, हे मला झेपणारं नव्हतं.

सासूबाईंना मी म्हटलं, “आई, उद्या मी डॉक्टरांना सांगणार आहे. हा महिना जाईल. पण तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही, महालक्ष्म्यांसाठी म्हणून...”

“मी तुला कधी घ्यायला सांगितल्या होत्या का?” त्यांनी मध्येच विचारलं.

नव्हत्या सांगितल्या. मी खूप आठवून बघितलं. एकदाही नाही. मी स्वतःच दरवर्षी आणायचे, स्वतःच घ्यायचे, आणि मनातल्या मनात हे त्यांच्या नावावर टाकत आले होते.

त्या माझ्याजवळ पाटावर बसल्या. मुखवटे त्यांच्या मांडीवर होते, अर्धे गुंडाळलेले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लग्नानंतरचा दुसरा भाद्रपद. अमरावतीला तीस पानं उठायची. जेवणाच्या दिवशी पहाटे त्यांना पाळी आली. त्यांच्या सासूबाई तापाने फणफणल्या होत्या, घरात दुसरी बाई नव्हती. तेव्हा असल्या गोळ्या कोणाला ठाऊक नव्हत्या. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आंघोळ केली, सोवळं नेसल्या, पुरणाचा घाणा घातला, नैवेद्य दाखवला, सवाष्णींच्या ओट्या भरल्या. एवढ्या वर्षांत नवऱ्यालाही नाही सांगितलं.

“दरवर्षी यांची तोंडं पुसताना मला वाटतं, या दोघींना माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“मग? काही केलं का त्यांनी?”

“काय करतील? जेवून गेल्या.”

मला हसू आलं, आणि मग ते आवरेना. सासूबाईही हसायला लागल्या. गॅलरीतून नवरा आत आला आणि आम्हा दोघींना बघून त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने दही वाढून घेतलं.

सकाळी साडेआठला मी डॉक्टरबाईंसमोर ते पाकीट ठेवलं. त्यांनी नाव वाचलं, उलटून पाहिलं, किती घेतल्या आणि कधीपासून कधीपर्यंत ते विचारलं. मी तारखा सांगितल्या. दुसऱ्या ट्रान्सफरचंही सांगितलं. त्या फाइलमध्ये लिहीत राहिल्या. मला लहानपणी छडी खायला उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

“माझ्या निम्म्या पेशंट पूजेला हेच करतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “सरस्वती पूजा, लक्ष्मी पूजा, कोणाचं लग्न. मी विचारते, औषध घेतलं का, आणि सगळ्या नाही म्हणतात. मला वाटायचं त्या लपवतात.”

“आम्ही लपवत नाही. आम्हाला ते औषध वाटतच नाही.”

त्यांनी बेल दाबून नर्सताईंना बोलावलं. नव्या पेशंटना विचारायच्या प्रश्नांच्या कागदावर एक ओळ घालायला सांगितली, पूजेसाठी किंवा कार्यासाठी पाळी पुढे ढकलली का म्हणून. मग इंजेक्शन रद्द केलं. हा फुगा मागे पडलेला नाही, म्हणाल्या. तुमचा मागचा महिनाच लांबला आणि हा त्याच्या मागोमाग धडपडतोय. त्याला ढकलण्यात अर्थ नाही.

मग मी विचारलं. जे विचारायला मी खरं तर आले होते ते.

“दुसरा माझ्यामुळे गेला का?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “बहुतेक नाही. चांगले दिसणारे एम्ब्रियोही राहत नाहीत, आणि बहुतेक वेळा दोष त्यांच्यातच असतो. पण तुम्हाला मी छातीठोक नाही म्हणून सांगणार नाही. कारण मला ते माहीत नाही.”

मला त्यांचा राग आला. एक साधं नाही म्हटलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? टॅक्सीत बसल्यावर मला समजलं की त्यांनी तसं म्हटलं असतं, तर मी पुढचं काहीच त्यांच्यावर विश्वासून ऐकलं नसतं. ते उत्तर आजही तसंच आहे. अजूनही कधीतरी भांडी घासताना तो प्रश्न येतो, आणि मी घासत राहते.

पूजा आली आणि गेली. मी त्या वर्षी पहिल्यांदाच काही न ठरवता मांडव बघत हिंडले. नवऱ्याने सप्तमीला मला आग्रहाने एग रोल खायला घातला. घरी सासूबाईंना हे कळू द्यायचं नव्हतं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली, तिची तिची, कोणी न बोलावता. मी फोन केला आणि नर्सताईंनी आधी नवीन प्रश्न वाचून दाखवला. मी नाही म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं.

दहाव्या दिवशी फुगा पंधरावर होता, बाराव्या दिवशी अठरावर. अस्तर जाड आणि स्वच्छ. नरक चतुर्दशीला पहाटे मी अभ्यंगस्नान केलं तेव्हा अंडं सुटून गेलेलं होतं. माझ्या अंगाला उटणं लावत सासूबाई बोटांवर दिवस मोजत होत्या. आदल्या दिवशीच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरबाईंनी ट्रान्सफरची तारीख लिहून दिली होती, भाऊबीज होऊन गेल्यानंतरची. मी ती कोणत्याही कागदावर उतरवली नाही.

ट्रान्सफरच्या दिवशी बीरभूमच्या बाई काचेपलीकडच्या खोलीत होत्या. एम्ब्रियो वितळल्यावर नीट उमलला की नाही, हे आधी कळतं. तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. मी हिरव्या गाऊनमध्ये खाटेवर, पोट लघवीने गच्च भरलेलं, कारण सोनोग्राफीला तसंच लागतं. शेजारी स्टुलावर नवरा, डोक्याला ती प्लास्टिकची टोपी. टोपीत तो इतका विचित्र दिसत होता की मी त्याला सांगितलं. त्याने टोपी अजून खाली ओढली. मग त्या बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, चांगला आहे, पुन्हा फुलला. मला माझं नाव आणि जन्मतारीख विचारली, नवऱ्याला त्याचं, आणि दोन्ही हातातल्या पट्टीशी ताडून बघितलं. पाच मिनिटांत सगळं झालं. पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला, तो म्हणजे एम्ब्रियो नव्हे, त्याच्यासोबतचा हवेचा बुडबुडा, असं डॉक्टरबाईंनी मुद्दाम सांगितलं. त्यांना कुठलीच गोष्ट होती त्याहून मोठी करून सांगवत नसे. मला आता तेच बरं वाटत होतं.

त्यानंतर बारा दिवस. सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या, पण मला विचारायच्या नाहीत. मी शाळेत जात होते. दर वेळी बाथरूमला गेल्यावर कपडे तपासत होते. आयुष्यभर जिला हवी तेव्हा पुढे सारली, ती पाळी येऊ नये म्हणून मी आता तिच्याकडे अक्षरशः हात जोडत होते. तिला थांबवणारी कुठलीच गोष्ट माझ्या हातात नव्हती. घरी तपासायची पट्टी मी आणली नाही. नवऱ्याने आणली होती, हे मला त्याच्या मोज्यांच्या खणात सापडल्यावर कळलं. मी ती होती तिथेच ठेवली.

बाराव्या दिवशी सकाळी रक्त देऊन मी शाळेत गेले. निकाल दुपारी येणार होता. आठवीच्या वर्गात समीकरणं शिकवून बाहेर पडले आणि व्हरांड्यात फोन वाजला. नर्सताई होत्या. त्यांनी रक्तातल्या गर्भाच्या हार्मोनचा आकडा सांगितला. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितला आणि म्हणाल्या, दीदी, आकडा चांगला आहे, परवा परत रक्त द्या, वाढायला हवा. त्यांच्या मागे कोणीतरी हसत होतं, बहुधा बीरभूमच्या बाई.

मी नवऱ्याला फोन लावला. तो जेवायच्या सुट्टीत रस्त्यावर असणार. मागे बसचे कंडक्टर ओरडत होते, फेरीवाले ओरडत होते, त्याला काही ऐकू जाईना. काय, काय, करत राहिला. माझ्या आजूबाजूला व्हरांड्यातून मुली जात होत्या, इतिहासाच्या बाई जात होत्या. या शाळेत मी सोडून कोणालाही मराठी येत नाही. म्हणून मी भर व्हरांड्यात, सगळा आवाज काढून, त्याला म्हटलं, “दिवस राहिले. अरे, राहिले दिवस.” इतिहासाच्या बाईंनी वळून बघितलं आणि काही भांडण असेल असं समजून पुढे गेल्या. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा मला रडू फुटलं आणि मी भिंतीला टेकले.

पलीकडे बसचा आवाज थांबला. तो कुठल्यातरी दुकानाच्या आत शिरला असावा. “तू ठीक आहेस ना?” त्याने विचारलं.

एरवी मी हो म्हणते. ताप असला तरी हो म्हणते, ऑटोने एकटी घरी येते.

“नाही,” मी म्हटलं. “मला घ्यायला ये.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे मी त्याला पहिल्यांदाच म्हणत होते, आणि तो निघालोच म्हणाला.